प्रवासाला निघताय? आधी सीट मोजा, मग पिशवी भरा

एसटीच्या सीटखालचा कचरा मी बत्तीस वर्षं पाहिला. १९८४ साली वाहक म्हणून लागलो तेव्हा शेवटच्या स्टॉपवर गाडी झाडली की भुईमुगाची टरफलं निघायची, संत्र्याच्या साली, बिडीची थोटकं, भज्यांचा तेलकट कागद. मग गुटख्याच्या पुड्या आल्या, पाण्याचे पाऊच आले, वेफरची चकचकीत पाकिटं आली. २०१६ मध्ये निवृत्त झालो तोवर मागच्या लांब सीटखालून पाण्याच्या बाटल्या गडगडत माझ्या पायाशी यायला लागल्या होत्या. ब्रेक मारला की एक लोंढा, चढ लागला की परत मागं. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, "कंडक्टरसाहेब, तुमच्या गाडीत वरात निघून राहिली."

सुरुवातीची बरीच वर्षं हा सगळा कचरा मी झाडून स्टँडमागच्या नाल्यात लोटत असे. लपवून काय करू? एका पावसाळ्यात तो नाला तुंबला आणि पाणी उलटं फिरून स्टँडात घुसलं. बाकड्यांवर बायामाणसं पाय वर घेऊन बसलेली. आम्ही दोघंतिघं बांबू घेऊन नाल्यात उतरलो आणि खालचा गोळा ओढून काढला, तर त्यात सगळ्या पुड्या, पाऊच, पिशव्या. टरफलं, साली केव्हाच कुजून गेल्या होत्या. मी टाकलेलं बाकी सगळं तिथंच होतं. त्या दिवसापासून माझ्या सीटच्या हँडलला एक पोतं बांधलेलं असायचं.

आता मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडच्या आमच्या खेड्यात असतो. पोरीबाळी सुट्टीत येतात, कुठंतरी फिरायला जायचं निघतं आणि सामानाचं काम माझ्याकडं येतं. मागच्या खेपेला चिखलदऱ्याला गेलो. त्या निमित्तानं घरच्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

पहिलं म्हणजे गाडीचं. लोक बाटल्या-पिशव्यांपासून सुरुवात करतात. मी सीटपासून करतो, कारण प्रवासातलं सगळ्यात मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते सायलेन्सरमधून जातं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, पेट्रोलचा २.३ किलोच्या आसपास. नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, तरी त्याला हे पटेना. "आबाजी, लिटरभर डिझेलचं वजनच किलोला कमी, त्यातून पावणेतीन किलो कसं निघेल?" निघतं. डिझेलातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वजन त्याचं वाढतं.

आता हिशेब बघा. एसटीत आम्ही दहा लिटरला किती किलोमीटर असं मोजायचो. पंचेचाळीस म्हणजे बरी गाडी. म्हणजे शंभर किलोमीटरला साधारण २२ लिटर. ४४ सीटची गाडी भरलेली असली तर माणशी अर्धा लिटर, अर्धीच भरली असली तर एक लिटर. सात सीटची भाड्याची गाडी एसी लावून लिटरला बारा देते असं धरा, म्हणजे शंभर किलोमीटरला आठ लिटरच्या वर. त्यात दोघंच बसले तर माणशी चार लिटर, सहा बसले तर दीड लिटरच्या आत. म्हणून म्हणतो, रिकामी सीट हाच सगळ्यात मोठा कचरा. आणि एसटीची आणखी एक गोष्ट, ती तुम्ही बसा नका बसू, वेळेवर सुटणारच आहे. तुमच्या वजनानं तिला जास्तीचं डिझेल लागतं ते नावाला. तुमच्यासाठी काढलेली गाडी मात्र तुमच्यासाठीच जळते.

चिखलदऱ्याला आमच्याकडून जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. लेक म्हणाली, "बाबा, गाडीच करून घेऊ ना जी, लेकरं थकतात." मी कागदावर मांडून दाखवलं: ४८० किलोमीटर, ४० लिटर डिझेल, १०८ किलो कार्बन डायऑक्साइड. कार्बनचं कोणाला काही वाटलं नाही. भाड्याचा आकडा सांगितल्यावर सगळे एसटीला तयार झाले. शिवाय बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या म्हाताऱ्यांना अर्धं आणि पंचाहत्तरीच्या वर फुकट. आमच्या सहाजणांत पुरं तिकीट मोजकंच लागलं.

आम्ही गेलो ते असं: हिंगणघाटहून वर्ध्याला एसटी, वर्ध्याहून बडनेऱ्याला रेल्वे, तिथून शेअर ऑटोनं अमरावती स्टँड आणि पुढं परतवाड्यावरून चिखलदरा. जमेल तिथं रेल्वे घ्या. ती विजेवर चालते आणि एका गाडीत हजारभर माणूस जातो. ही वीज बहुतेक कोळशाचीच, हे चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या केंद्राची धुराडी पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इलेक्ट्रिक कार घेतली म्हणजे पाप धुतलं असं समजणाऱ्यांनी एकदा दुर्गापूरकडून चक्कर मारून यावी. तरी माणशी हिशेबात रेल्वेला तोड नाही.

खेड्यात किंवा जंगलाच्या कडेला जायचं असेल तर मुक्कामी गाडीचा उपयोग करा. शहरातल्या लोकांना ही भानगड माहीतच नसते. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी एखाद्या आडगावात रात्री थांबते आणि पहाटे तीच परत निघते. म्हणजे दिवस मावळता तुम्ही गावात, दुसऱ्या दिवशी पहाटे किंवा दोन रात्री राहून तिसऱ्या पहाटे बाहेर. मोबाईलवरचं वेळापत्रक नेहमी खरं असतंच असं नाही. स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला विचारा, नाहीतर त्या गावात ज्याच्या दारात गाडी उभी राहते त्या किराणावाल्याला फोन करा. तो मिनिटासकट सांगतो.

आणि हे पण ध्यानात घ्या: फेरीचं भारमान, म्हणजे भरलेल्या सीटचं प्रमाण, घसरलं की ती फेरी बंद होते. माझ्या डोळ्यांसमोर अशा कितीक बंद झाल्या. मग त्या गावातून दहा मोटारसायकली आणि दोन काळीपिवळ्या धावतात. पाहुणा माणूस म्हणून तुम्ही काढलेली चार तिकिटं त्या गावाची गाडी टिकवायला कामी येतात.

गाडी करायचीच असेल, घरात आजारी माणूस असेल, तर सीट भरा. शेजाऱ्याला विचारा. टायरची हवा बघून घ्या, टपावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवा. आमच्याकडं उन्हाळ्यात एक वाईट खोड आहे: जेवायला झाडाखाली थांबायचं आणि एसीसाठी गाडी तासभर चालूच ठेवायची. बंद करा ती. चारी दारं उघडा, कडुलिंबाखाली सतरंजी टाका. आणि एका दिवसात चार ठिकाणं 'करण्या'पेक्षा एका ठिकाणी दोन रात्री राहा, निम्मं डिझेल तिथंच वाचतं.

आता पाणी. विदर्भातल्या प्रवासातला बाटल्यांचा प्रश्न हा मुळात थंड पाण्याचा प्रश्न आहे. घरून नेलेलं पाणी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अकरा वाजेपर्यंत चहासारखं होतं आणि मग माणूस स्टँडवरची गार बाटली घेतोच. मी त्याला दोष देत नाही, ४५ डिग्रीत शहाणपण टिकत नाही. म्हणून पाणी गार राहील अशी सोय निघतानाच करा.

पूर्वी ट्रकला, जीपला समोर छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, लटकलेली असायची. कापडातून पाणी झिरपतं, उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठ, सुराई, आपला वाळ्याचा कूलर, सगळ्यांचं गणित तेच. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ते फार छान चालतं. कोकणात नेलं तर नुसती ओली पिशवी. छागल आता सहजी मिळत नाही, पण तिचं काम स्टीलच्या साध्या बाटलीवर होतं. बाटली एकेरी असावी, थर्मासवाली दुहेरी नको, तिच्यात हे होणार नाही. जुन्या सुती धोतराचा हातभर तुकडा भिजवायचा, पिळायचा नाही, नुसता निथळू द्यायचा. बाटलीला खालून वर दोन वेढे घालून सुतळीनं बांधायचा, बूड पण झाकलं पाहिजे. मग बाटली खिडकीच्या दांडीला आतल्या बाजूनं लटकवायची, वारा लागेल अशी. बाहेर लटकवू नका, समोरून ट्रक आला की बाटली जाते आणि कंडक्टर शिव्या देतो. फडकं वाळलं की घोटभर पाणी वरून सोडायचं. अमरावतीपासून परतवाड्यापर्यंत आमचं पाणी पिण्याजोगं राहिलं. फ्रीजसारखं नाही, माठासारखं.

भरून कुठं घ्यायचं? उन्हाळ्यात बहुतेक गावांच्या चौकात पाणपोई असते, रांजणाला लाल फडकं गुंडाळलेलं. हॉटेलवाल्याला चहा घेताना "बाटली भरून घेऊ का जी?" विचारलं तर नाही म्हणणारा मला अजून भेटला नाही. पोट नाजूक असलेल्यांनी उकळून गार केलेलं पाणी घरून दोन मोठ्या बाटल्यांत न्यावं.

शिदोरीचं माझी बायको बघते, त्यामुळं इथं अक्कल तिची आहे. पहिल्या दिवशी पोळ्या आणि कोरडी वांग्याची भाजी, तीही दुपारपर्यंत संपवायची. दुसऱ्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, जवसाची चटणी, तिळाची चटणी, लाल मिरचीचा कोरडा ठेचा, कांदे. लेकरांना फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, तोही डब्यात. दहीभात मे महिन्यात चुकूनही नाही. हा डबा असला की वेफरच्या पाकिटाची गरज निम्म्यानं कमी होते. निम्म्यानंच म्हटलं, लेकरं ती लेकरंच.

ताटांचा मात्र मी एकदा धडा घेतलाय. एका जत्रेला जाताना पन्नास 'कागदी' प्लेटा घेतल्या होत्या, दुकानदार म्हणाला विरघळून जातात. खाऊन झाल्यावर संशय आला म्हणून एक घरी आणली आणि रात्रभर बादलीत भिजत टाकली. सकाळी बोटानं चोळली, कागदाचा लगदा सुटला आणि हातात उरला प्लास्टिकचा पातळ पारदर्शक पापुद्रा, अख्ख्या प्लेटेएवढा. तुम्हीही करून बघा. आतून चकचकीत असलेली चंदेरी पत्रावळ असो की कागदी चहाचा कप, भिजवला की त्याचं खरं कूळ कळतं.

घरचं स्टीलचं ताट सगळ्यात बरं. जास्त माणसं असतील तर पळसाची पत्रावळ. पळसाला पानं तीनच, त्यातलं मधलं सगळ्यात मोठं, ते पत्रावळीच्या मधोमध. फाल्गुनात झाड फुलावर असतं, पानं नसतात, म्हणून पावसाळ्यानंतर काढून, सावलीत वाळवून, पाट्याखाली दाबून ठेवलेली पानं वापरायची. आदल्या रात्री पाण्यात बुडवली की ती परत मऊ होतात. मधल्या पानाभोवती पाच-सहा पानं एकावर एक चढवत गोल लावायची आणि बांबूच्या बारीक काडीनं टाका घालायचा: काडी वरून आत, खालून वर, आणि जास्तीची मोडून टाकायची. टोक वर राहिलं तर भाताच्या घासात येतं. माझी आई बोलता बोलता शेकडा उडवायची. माझ्या दहातल्या चार गळतात, तिथं खाली अजून एक पान ठेवतो. जेवण झालं की शेणखताच्या खड्ड्यात. खड्डा जवळ नसला तर परत पिशवीत.

हो, परत पिशवीत. "साल तर नैसर्गिक आहे, जंगलात टाकली तर काय होते?" हे मी हजार वेळा ऐकलं. होते ते असं: संत्र्याच्या सालीच्या वासानं वानर रस्त्यावर येतं, रानडुक्कर येतं, आणि पुढची गाडी त्याच्या अंगावरून जाते. चिखलदऱ्याला आणि रामटेकला वानरांना बिस्किटं चारणारे लोक बघा. ती वानरं आता झाडावर कमी आणि गाड्यांच्या बोनेटवर जास्त असतात. चारू नका. नातवानं पहिल्याच दिवशी एक पुडा पुढं केला, वानरानं पुडा वेष्टणासकट नेला आणि झाडावर बसून ते फाडत राहिलं. मग त्याला मला काही सांगावं लागलं नाही.

ताडोब्याच्या निमढेला बफरमध्ये एका वाघानं पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर आणली, २०२४ च्या फेब्रुवारीत फिरलेला तो व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर पाहिलाच असेल. लोक 'वाघानं सफाई केली' म्हणून हसले. वाघ पाणवठ्यावर पाणी प्यायला जातो, झाडू मारायला नाही. सफारीला जाताना जिप्सीत सुटी वस्तू ठेवूच नका. टोपी, रुमाल, बाटली सगळं पिशवीत आणि पिशवीचं तोंड बांधलेलं. आणि ड्रायव्हरला "अजून जवळ घ्या ना" म्हणू नका. तुम्ही जास्त बक्षिसी दाखवली की तो बिचारा नाही म्हणू शकत नाही.

जंगलातल्या रस्त्यावर रात्री गाडी हळू, ताशी चाळीसच्या वर नाही. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचजवळ जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा सोडल्यात आणि वाघापासून चितळापर्यंत सगळे त्यातून जातात. पण आपल्या बाकीच्या बहुतेक रस्त्यांवर ती सोय कुठं आहे? तिथं तुमचा ब्रेक हीच सोय.

विस्तवाचं थोडक्यात सांगतो, पण हे पाळाच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम. सागाचा पाचोळा घोट्याएवढा साचलेला असतो, बिडीचं एक थोटूक पुरतं. जंगलाच्या कडेला तीन दगड मांडून रोडगे भाजायची हौस दिवाळीनंतर करा, आणि तीही गावाच्या शिवारात, विहिरीजवळ.

मुक्कामाला शक्यतो गावातलं घर बघा, पैसे त्या गावात राहतात. पण तिथं पाणी जपून. चिखलदऱ्याला पावसाळ्यात धो धो कोसळतं म्हणून लोकांना वाटतं पाणी मुबलक असेल. ते सगळं डोंगरावरून खाली निघून जातं, आणि मेळघाटातल्या कितीतरी गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आम्ही उतरलो होतो तिथल्या मावशी अर्धा किलोमीटरवरून पाणी आणत होत्या. लेकीनं विचारलं, "मावशी, शॉवर नाही का?" त्या नुसत्या हसल्या. मग सगळ्यांनी एका बादलीत आंघोळ उरकली, कपडे घरी येऊन धुतले.

अमरावतीहून परतवाड्याला जाताना वलगाव लागतं. तिथं गाडगेबाबांनी १९५६ साली देह ठेवला. मी नातवाला सांगितलं, बाबांचं नावच गाडग्यावरून पडलं. हातात झाडू आणि एक मातीचं गाडगं, त्यातच खायचं, त्यातच प्यायचं, धुवून परत डोक्यावर. सगळा महाराष्ट्र पायी फिरले आणि मागं कचरा तर सोडलाच नाही, दुसऱ्यांचाही झाडून गेले. नातू म्हणाला, "आबाजी, म्हणजे टिफिन कॅरी करत होते." तसं म्हण.

राहिली परतीची पिशवी. जुन्या लुगड्याची एक शिवून घ्या, तोंडाला नाडी. निघताना ती रिकामी असते, सोबत नेलेलं आणि वाटेत घेतलेलं जे उरेल ते तिच्यात. चिखलदऱ्याहून आलो तेव्हा अंगणात उलटी केली. दोन पाण्याच्या बाटल्या, वर्ध्याच्या फलाटावर गर्दीत नळापर्यंत जाताच आलं नाही तेव्हा घेतलेल्या. वेफरची पाच पाकिटं. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण नाही, ते वानराकडं. आईस्क्रीमचे चार कप, दुधाची एक पिशवी, औषधाचं पान.

बाटल्या आणि दुधाची पिशवी भंगारवाला नेतो, फक्त धुवून वाळवून द्या. वेफरची पाकिटं तो नेत नाही, त्यात प्लास्टिक आणि चंदेरी पत्रा एकमेकांना चिकटलेले असतात, सुटे होत नाहीत. आमच्या घरी बुढी शेजारीण म्हणाली, "चुलीत घाला की वो, पेटवन होते." घालू नका, तो धूर नाकात जातो आणि भाकरीवर बसतो. आमच्या गावात घंटागाडी येत नाही. म्हणून पडवीत एक पोतं टांगलंय, अशी पाकिटं त्यात साठवतो आणि भरलं की बाजाराच्या दिवशी तालुक्याला नगरपरिषदेच्या गाडीत सुक्या कचऱ्यात टाकतो. सध्या ते पाऊण भरलंय. दिवाळीत पोरं परत यायची आहेत, त्याआधी एकदा नेऊन टाकावं लागेल.